हुकूमशाहीचे प्रकार आणि ते ठरवणाऱ्या कसोट्या

लोकशाही नसलेल्या राजवटीची ओळख बहुतेक वेळा नकारानेच करून दिली जाते : जिथे सत्ताधाऱ्यांना मतपेटीतून घालवता येत नाही, ती हुकूमशाही. हे चूक नाही, पण अपुरे आहे. या एका वाक्यात सौदी अरेबियाचे राजघराणे, चीनचा कम्युनिस्ट पक्ष आणि म्यानमारचे सेनापती एकाच पंगतीला बसतात. उत्तर कोरियात खरा विरोधी पक्षच नाही. सिंगापूरमध्ये तो आहे, निवडणूक लढवतो, संसदेत बसतो आणि सरकारला प्रश्नही विचारतो, फक्त १९५९ पासून तो एकदाही सत्तेवर आलेला नाही. या दोन देशांना एकच नाव दिले तर दोहोंपैकी एकही नीट समजत नाही. म्हणून राज्यशास्त्रात गेली सत्तर-ऐंशी वर्षे या राजवटींची वर्गवारी चालू आहे. ती सरळ रेषेत पुढे गेलेली नाही. प्रत्येक पिढीने आपल्या डोळ्यांसमोरच्या राजवटीला वेगळा प्रश्न विचारला, आणि प्रश्न बदलला तसे वर्गही बदलले.

ॲरिस्टॉटलचे प्रश्न दोन होते : राज्य किती जण करतात आणि कोणाच्या हितासाठी करतात. एकट्याने स्वतःच्या हितासाठी केलेले राज्य म्हणजे जुलूमशाही. जुलमी सत्ताधीश टिकतो कसा, याचे त्याने केलेले वर्णन आजही शिळे वाटत नाही : डोके वर काढणाऱ्याला छाटायचे, लोकांना एकत्र जमू द्यायचे नाही, हेर पेरायचे, प्रजेला गरीब आणि कामात गुंतलेली ठेवायची. रोमन प्रजासत्ताकातला ‘डिक्टेटर’ मात्र या वर्गातला नव्हता. तो संकटकाळात सहा महिन्यांपुरता नेमला जाणारा कायदेशीर अधिकारी होता. अठराव्या शतकात माँतेस्क्यूने भीती हे निरंकुश सत्तेचे मूलतत्त्व ठरवले. एवढ्या सामग्रीवर युरोपीय विचार विसाव्या शतकापर्यंत चालला.

पहिल्या महायुद्धानंतर ती सामग्री तोकडी पडली. इटलीतले उदारमतवादी नेते जोव्हान्नी आमेंदोला यांनी १९२३ मध्ये फॅसिस्टांच्या कारभाराला ‘टोटॅलिटेरियन’, म्हणजे सर्वंकष, म्हटले ते टीका म्हणून. मुसोलिनीने ती शिवी बिरुदासारखी मिरवली. हिटलर आणि स्टालिन यांच्या राजवटी पाहिल्यावर अभ्यासकांना वाटले की हा जुन्या जुलूमशाहीचा मोठा अवतार नाही, काही निराळेच आहे. जुना जुलमी राजा आज्ञापालनावर समाधानी असे. या राजवटींना माणसाचे मन, कुटुंब आणि फावला वेळही हवा होता. हाना आरेंट यांचा या विषयावरचा ग्रंथ १९५१ मध्ये आला. त्यात विचारप्रणाली आणि दहशत यांच्या युतीवर भर होता. १९५६ मध्ये कार्ल फ्रीडरिश आणि झ्बिग्निएव्ह ब्रझेझिन्स्की यांनी सर्वंकष राजवटीची सहा लक्षणे सांगितली. सर्व जीवन व्यापणारी विचारप्रणाली, बहुधा एका नेत्याच्या हाती असलेला एकमेव पक्ष आणि दहशतीचे पोलीस ही त्यांतली पहिली तीन. उरलेली तीन म्हणजे प्रसारमाध्यमे, शस्त्रे आणि अर्थव्यवस्था यांवरचा मक्ता.

त्याच वर्षी फेब्रुवारीत मॉस्कोत ख्रुश्चेव्हने स्टालिनवर टीका करणारे ते प्रसिद्ध गुप्त भाषण केले आणि दहशतीचे लक्षण सोव्हिएत संघातच सैल पडू लागले. सर्वंकषवादाच्या सिद्धांताचा मोठा दोष इथेच उघडा झाला. बदल कसा होतो, हे त्याला सांगता येत नव्हते. त्यातच शीतयुद्धाने त्याला हत्यार बनवले. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जीन कर्कपॅट्रिक यांनी १९७९ मध्ये असा युक्तिवाद केला की उजव्या हुकूमशाह्या कालांतराने सुधारू शकतात, कम्युनिस्ट राजवटी मात्र आतून बदलत नाहीत. अमेरिकेने पहिल्यांशी मैत्री ठेवावी, हा त्यातला मथितार्थ होता, आणि पुढे रेगन सरकारने त्यांना संयुक्त राष्ट्रांत राजदूत नेमले. दहा वर्षांनी पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट राजवटी एकामागून एक कोसळल्या. वर्गवारी परराष्ट्र धोरणाच्या सोयीने केली की तिचे काय होते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

या चौकटीला खरे आव्हान दिले हुआन लिंझ यांनी. जर्मनीत जन्मलेले, स्पेनमध्ये वाढलेले आणि पुढे येल विद्यापीठात शिकवणारे लिंझ यांच्यापुढे एक साधी अडचण होती : फ्रँकोचा स्पेन कुठे बसवायचा? तो लोकशाही नव्हता हे उघड होते, पण सर्वंकषही नव्हता. चर्च, लष्कर, जमीनदार, राजेशाहीवादी, फालांज पक्ष अशा गटांना तिथे मर्यादित का होईना, जागा होती. १९६४ मध्ये लिंझ यांनी मांडले की अधिकारशाही हा लोकशाही आणि सर्वंकषवाद यांच्यामधला टप्पा नसून स्वतंत्र प्रकार आहे. त्यांच्या मते तिच्यात जनतेला उत्तरदायी नसलेली मर्यादित बहुविधता असते. घडीव विचारप्रणालीऐवजी एक मनोवृत्ती असते, बहुधा देश, धर्म, सुव्यवस्था यांभोवती फिरणारी. लोकांना सतत रस्त्यावर उतरवण्यापेक्षा घरी बसवणे तिला सोयीचे वाटते. आणि नेत्याच्या सत्तेच्या मर्यादा कागदावर धूसर असल्या तरी व्यवहारात बऱ्यापैकी ओळखता येतात.

लिंझ यांचे चित्र मराठी वाचकांना परके नाही, कारण गोव्याने त्यातलेच एक रूप अनुभवले आहे. स्पेनशेजारच्या पोर्तुगालमध्ये १९३३ च्या संविधानाने उभी राहिलेली सालाझार यांची ‘नवी राजवट’ याच जातीची होती. सालाझार मूळचे कोइंब्रा विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक. त्यांना प्रचंड सभा गाजवण्याची हौस नव्हती. त्यांचा ‘राष्ट्रीय संघ’ हा एकमेव पक्ष उत्साही कार्यकर्त्यांची फौज कधी झाला नाही. अभ्यवेक्षण आणि राजकीय पोलीस मात्र कसून काम करत. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहिया यांनी मोडली ती जाहीर सभेवरची बंदी. त्याच वर्षी त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना अटक झाली आणि लष्करी न्यायालयाने शिक्षा दिल्यावर त्यांची रवानगी पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात झाली. पण इथे वर्गवारीची एक उणीव दिसते. राजवटींच्या बहुतेक याद्या फक्त स्वतंत्र देश मोजतात. त्यामुळे लिस्बनमधली हुकूमशाही यादीत येते आणि १९६१ पर्यंत गोव्यात तिच्याच जोडीला असलेली वसाहतशाही हिशेबाबाहेर राहते. आफ्रिका आणि आशियाच्या विसाव्या शतकाचा केवढा भाग असा निसटला असेल, याकडे या विद्याशाखेचे लक्ष उशिरा गेले.

लिंझ यांनी पुढे मॅक्स वेबरकडून ‘सुलतानशाही’ ही कल्पना घेतली. तिथे राज्य आणि राज्यकर्त्याची खासगी मालमत्ता यांत फरक उरत नाही, कारभार बक्षीस आणि भीती यांवर चालतो आणि नियमांचा कोणालाच भरवसा नसतो. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या त्रुहीयोने तर राजधानीलाच स्वतःचे नाव दिले होते. हैतीचे दुवालिए, निकाराग्वाचे सोमोसा हे याच मालिकेतले. अशा राजवटीचा शेवट बहुधा वाटाघाटीने होत नाही, कारण वाटाघाट करू शकेल असा मवाळ गट राज्यकर्त्याने शिल्लकच ठेवलेला नसतो. लिंझ यांचे हे निरीक्षण अजूनही टिकून आहे.

लॅटिन अमेरिकेने वेगळाच प्रश्न उभा केला. आर्थिक विकास झाला की लोकशाही येते, असे साठच्या दशकात मानले जाई. पण ब्राझील (१९६४), अर्जेंटिना (१९६६), चिली आणि उरुग्वे (१९७३) या त्या खंडातल्या त्यातल्या त्यात पुढारलेल्या देशांतच लष्कर सत्तेवर आले, आणि तेही एखाद्या जनरलच्या हौसेखातर नव्हे, तर संस्था म्हणून. अर्जेंटिनाचे गिलेर्मो ओ’डॉनेल यांनी याला ‘नोकरशाही अधिकारशाही’ म्हटले. त्यांच्या मते औद्योगिकीकरण एका टप्प्यावर अडले, संघटित कामगारांच्या मागण्या वाढल्या, तेव्हा सेनाधिकारी, तंत्रज्ञ आणि मोठे भांडवलदार यांनी एकत्र येऊन कामगारवर्गाला राजकारणातून बाहेर काढले. या सिद्धांताच्या आर्थिक अंगावर पुढे बरीच टीका झाली. विकासातूनही हुकूमशाही येऊ शकते, ही त्यातली जाणीव मात्र पक्की झाली.

१९७४ मध्ये पोर्तुगालपासून सुरू झालेल्या लोकशाहीकरणाच्या लाटेने लक्ष राजवटींच्या अंताकडे वळवले. काही हुकूमशहा चर्चेच्या टेबलावर सत्ता सोडतात आणि काही देश बेचिराख होईपर्यंत सोडत नाहीत, हे का? बार्बरा गेडिस यांनी १९९९ मध्ये दिलेले उत्तर सोपे आणि म्हणूनच प्रभावी ठरले. निर्णय आणि नेमणुका कोणाच्या हातात आहेत ते पाहा : लष्कराच्या, पक्षाच्या की एका व्यक्तीच्या? पेशाने सैनिक असलेल्यांना सत्तेपेक्षा लष्कराची एकी जास्त मोलाची वाटते. फूट पडू लागली की त्यांना बराकीत परतण्याचा मार्ग मोकळा असतो आणि तिथे त्यांची नोकरी, मान, शस्त्रे शाबूत राहतात. म्हणून लष्करी राजवटी तुलनेने अल्पायुषी ठरतात. पक्षाच्या राजवटीत भांडणाऱ्या गटांनाही एकत्र राहण्यातच फायदा असतो, त्यामुळे त्या सर्वांत चिवट. एका व्यक्तीच्या राजवटीतल्या भाटांना मात्र धन्याबरोबरच बुडायचे असते, आणि तिचा शेवट बहुधा रक्तपाताने होतो. १९८३ मधला अर्जेंटिना आणि २०११ मधला लिबिया शेजारी ठेवले की या विचारातली ताकद कळते.

गेडिस, जोसेफ राइट आणि एरिका फ्रान्झ यांनी पुढे १९४६ ते २०१० या काळातल्या २८० हुकूमशाही राजवटींची यादी सिद्ध केली. तिच्यात राजेशाही हा चौथा प्रकार आला. यादी हाताळताना अडचणीही दिसतात. पिनोशेची चिली लष्करी की व्यक्तिकेंद्रित? सुहार्तोंच्या इंडोनेशियात लष्कर, गोल्कार पक्ष आणि खुद्द सुहार्तो तिघेही प्रबळ होते. त्या राजवटीला मिश्रांतलेही मिश्र म्हणावे लागते. शिवाय राजवट तीच राहून आतून बदलते. माओच्या मृत्यूनंतर चीनमध्ये सामूहिक नेतृत्व आणि मुदतीचे संकेत रुजले. २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची दोन कार्यकाळांची मर्यादा घटनेतून काढली गेली. पक्ष तोच, पण त्याच्यावर एका माणसाची पकड किती, हे उत्तर एका खान्यात मावत नाही. म्हणून आता व्यक्तिकेंद्रितता हा प्रकार न मानता कोणत्याही राजवटीत कमी-जास्त आढळणारी मात्रा मानण्याकडे कल आहे, आणि तो योग्य आहे.

राजेशाहीला अभ्यासकांनी बराच काळ अवशेष समजून बाजूला ठेवले होते. २०११ च्या अरब उठावांत ट्युनिशिया, इजिप्त, लिबिया आणि येमेनचे सत्ताधीश गेले, आणि हे चारही प्रजासत्ताकांचे प्रमुख होते. एकही राजा गेला नाही. मायकल हर्ब यांनी त्याआधीच दाखवून दिले होते की आखाती राज्यांत एकटा राजा नव्हे तर अख्खे घराणे राज्य करते. मंत्रिपदे, लष्कर, पोलीस भाऊबंदांत वाटलेले असतात, त्यामुळे राजा बदलता येतो आणि घराणे राहते.

दरम्यान दुसऱ्या एका फळीने कोण राज्य करतो यापेक्षा तो आपल्याच माणसांपासून कसा वाचतो, हे पाहायला सुरुवात केली. मिलान स्वोलिक यांनी २०१२ मध्ये हुकूमशहापुढच्या दोन समस्या वेगळ्या काढल्या : एक जनतेला ताब्यात ठेवण्याची, दुसरी सहकाऱ्यांबरोबर सत्ता वाटून घेण्याची. दुसऱ्या महायुद्धानंतर घटनाबाह्य मार्गाने पायउतार झालेल्या हुकूमशहांपैकी सुमारे दोन-तृतीयांश हे राजवटीतल्याच लोकांनी केलेल्या बंडात गेले, असे त्यांची आकडेवारी सांगते. जनतेच्या उठावात गेलेले त्या मानाने फार थोडे. चित्रपटांतली हुकूमशाही आणि प्रत्यक्षातली हुकूमशाही यांच्यात इथे मोठे अंतर आहे.

हे लक्षात घेतले की हुकूमशाहीत संसद, पक्ष आणि निवडणुका का असतात, याचा उलगडा होतो. जेनिफर गांधी यांच्या मते त्या निव्वळ देखावा नसतात. संभाव्य विरोधकांना आत घेऊन सवलती देण्याची ती जागा असते. मेक्सिकोत संस्थात्मक क्रांतिकारी पक्षाने १९२९ ते २००० अशी एकाहत्तर वर्षे सत्ता राखली. अध्यक्षाला सहा वर्षांची एकच मुदत मिळे, फेरनिवडणूक नाही, पण आपला वारस तोच नेमे. प्रत्येक महत्त्वाकांक्षी पुढाऱ्याला वाटे की सहा वर्षांनी आपलीही पाळी येईल, मग बंड कशाला करा? बिआत्रिस मागालोनी यांनी दाखवले की जिंकणे निश्चित असतानाही हा पक्ष प्रचंड मताधिक्यासाठी पैसा ओतत असे. फुटू पाहणाऱ्या स्वकीयांना बाहेर भविष्य नाही हे पटवून द्यायचे असे. कादंबरीकार मारिओ वार्गास योसा यांनी १९९० मध्ये या व्यवस्थेला परिपूर्ण हुकूमशाही म्हटले होते.

सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर मेक्सिकोसारख्या राजवटींची संख्या वाढली आणि नावांचा सुकाळ झाला. मुंबईत जन्मलेले फरीद झकेरिया यांनी १९९७ मध्ये ‘अनुदार लोकशाही’ची चर्चा घडवली. त्याच वर्षी डेव्हिड कॉलियर आणि स्टीव्हन लेविट्स्की यांनी अशा शेकडो विशेषणयुक्त लोकशाह्या साहित्यात सापडल्याचे नोंदवले. तोवर गृहीतक असे की हे देश लोकशाहीच्या वाटेवर आहेत, फक्त पोहोचायला उशीर होतो आहे. २००२ मध्ये टॉमस करोदर्स यांनी हे गृहीतकच सोडून द्यायला सांगितले. लेविट्स्की आणि ल्यूकन वे यांनी नाम आणि विशेषण यांची जागा बदलली : या अर्धवट लोकशाह्या नाहीत, ‘स्पर्धात्मक अधिकारशाह्या’ आहेत. निवडणूक खरी असते, विरोधक जिंकूही शकतो, पण मैदान उताराचे असते. सरकारी पैसा, वाहिन्या, कर खाते, न्यायालये एका बाजूला. सर्बियाचे मिलोशेविच २००० मध्ये हरले आणि मलेशियाची सत्ताधारी आघाडी २०१८ मध्ये हरली, ती याच फटीतून. आंद्रेआस शेडलर यांची ‘निवडणुकी अधिकारशाही’ याहून व्यापक आहे. विरोधकाला जिंकण्याची काहीच आशा नसलेल्या निवडणुकाही तिच्यात येतात.

अगदी अलीकडचा भर माहितीवर आहे. सर्गेई गुरिएव्ह आणि डॅनियल ट्राइझमन यांचे म्हणणे असे की स्टालिन-माओंच्या परंपरेतल्या भीतीच्या हुकूमशहांची जागा प्रतिमेच्या हुकूमशहांनी घेतली आहे. हे थोड्यांना तुरुंगात टाकतात, तेही करचुकवेगिरी किंवा बदनामीच्या खटल्यात, आणि बहुसंख्यांना आपण कार्यक्षम आहोत असे पटवतात. पेरूचे फुजिमोरी याचा नमुना. त्यांचे गुप्तहेर प्रमुख मोंतेसिनोस लाचेच्या पावत्या आणि चित्रफिती जपून ठेवत. त्या नोंदी अभ्यासल्यावर दिसले की दूरचित्रवाणी वाहिनीच्या मालकाला मिळणारी लाच राजकारण्याला मिळणाऱ्या लाचेच्या सुमारे शंभरपट होती, आणि न्यायाधीश सर्वांत स्वस्त. कोणाचा अंकुश हुकूमशहाला सर्वांत जास्त बोचतो, याचा इतका स्पष्ट दरफलक दुसरीकडे सापडत नाही. चीनच्या समाजमाध्यमांचा अभ्यास करताना गॅरी किंग आणि सहकाऱ्यांना २०१३ मध्ये आढळले की सरकारवरची टीका बऱ्याचदा राहू दिली जाते, लोक एकत्र जमण्याची शक्यता असलेला मजकूर मात्र तत्परतेने पुसला जातो. ॲरिस्टॉटलच्या यादीतले एक कलम अजून लागू आहे. मात्र रशियात २०२२ नंतर वाढलेली दडपशाही पाहता प्रतिमेचा हुकूमशहा पुन्हा भीतीकडे वळू शकतो, हेही मान्य करावे लागते.

हुकूमशहा जाणे, राजवट जाणे आणि लोकशाही येणे या तीन वेगळ्या घटना आहेत, हा या साऱ्या अभ्यासाचा सर्वांत उपयोगी निष्कर्ष म्हणता येईल. झिंबाब्वेत २०१७ मध्ये मुगाबे गेले, पक्ष राहिला. इराणमध्ये १९७९ मध्ये शहाची राजवट गेली आणि दुसरी अधिकारशाही आली.

उरतो मोजमापाचा वाद. ‘पॉलिटी’ उणे दहा ते अधिक दहा अशी पट्टी लावते, ‘फ्रीडम हाउस’ सत्तरच्या दशकापासून स्वातंत्र्याचे गुण देते आणि गोथेनबर्ग विद्यापीठातला ‘व्ही-डेम’ प्रकल्प हजारो तज्ज्ञांच्या मतांवरून देशांचे चार वर्ग करतो. व्ही-डेमने २०२१ च्या अहवालात भारताला निवडणुकी अधिकारशाही ठरवले, ‘इकॉनॉमिस्ट’चा निर्देशांक त्याला सदोष लोकशाही म्हणतो, आणि भारत सरकारने अशी मूल्यमापने जाहीरपणे फेटाळली. तज्ज्ञांच्या मतांत काळाची हवा शिरते, हा आक्षेप केवळ सरकारांचा नाही, काही राज्यशास्त्रज्ञांचाही आहे. पण मत टाळून फक्त दिसणाऱ्या घटना मोजल्या तरी सुटका नाही. होजे चेइबुब, जेनिफर गांधी आणि जेम्स व्रीलंड यांची २०१० मधली कसोटी तशीच होती : सत्तारूढ पक्ष निवडणूक हरून पायउतार झालेला दिसला पाहिजे. या कसोटीवर आणीबाणीतला भारतही लोकशाहीच ठरतो, कारण मार्च १९७७ मध्ये काँग्रेस हरली आणि गेली. हजारो विरोधक तुरुंगात होते, याला त्या कसोटीत जागा नाही. उलट मुक्त वृत्तपत्रे आणि नियमित निवडणुका असलेला बोट्स्वाना हुकूमशाहीच्या यादीत गेला, कारण १९६६ पासून तिथे एकच पक्ष जिंकत होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो पक्ष हरला, अध्यक्षांनी पराभव मान्य केला आणि १ नोव्हेंबरला विरोधी नेते डुमा बोको यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली.